ओपीडीत नव्याने लागलात? इमर्जन्सीचा सराव आपल्याच क्लिनिकमध्ये करा

कोपरखैरण्यातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी सिस्टर आहे. बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचा) कोर्स जरूर करा, पण तिथे सगळं सामान हाताशी मांडलेलं असतं. खरी परीक्षा आपल्या इमर्जन्सीच्या ड्रॉवरची असते.

आमच्याकडे ओपीडी सुरू व्हायच्या आधी सराव होतो. एकजण पेशंट होऊन बेडवर झोपतो आणि डॉक्टर प्रसंग सांगतात. समजा, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, बीपी 80 वर आलं, म्हणजे औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी. नव्या सिस्टरचा हात हमखास एव्हिलकडे, अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या इंजेक्शनकडे जातो. एव्हिल, हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड) नंतर. आधी अ‍ॅड्रेनलिन: डॉक्टरांनी सांगताच प्रौढाला 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलिच्या अँप्युलमधलं अर्धं, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूने स्नायूत. 5 मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. पेशंटला आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर बसू द्यायचं, पण उभं करून चालवायचं नाही. हे सगळं पाठ असतं हो, तरी घाईत इन्सुलिनची सिरिंज उचलली जाते आणि तिची सुई मोठ्या माणसाच्या स्नायूपर्यंत पोचत नाही. म्हणून आम्ही अँप्युल, 2 मिलिची सिरिंज आणि लांब सुई एकाच पाकिटात ठेवतो.

रिसेप्शनवरच्या ताईंनाही सरावात घ्या. 108 ला फोन त्याच लावणार. नुसतं ‘सेक्टर 15’ सांगून भागत नाही. सेक्टर 15 वाशीतही आहे, नेरूळलाही. आधी कोपरखैरणे, मग सेक्टर, प्लॉट, खूण, मजला आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, हे फोनशेजारी लिहून चिकटवलेलं हवं.

हृदय थांबल्यावर द्यायच्या छातीवरच्या दाबांचा सराव मात्र मॅनिकिनवरच (सरावाच्या पुतळ्यावर), जिवंत माणसावर कधीच नाही: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, दर 2 मिनिटांनी माणूस बदला. हात थकले की खोली कमी होते.

नंतरची चर्चा टाळू नका. ऑक्सिजन सिलिंडरची चावी भलत्याच कपाटात असते, हे अशाच वेळी कळतं. आणि सरावाच्या मुदत संपलेल्या अँप्युलवर लाल मार्करने ‘सराव’ लिहा, सराव संपताच त्या मोजून वेगळ्या डब्यात टाका. त्यातली एकही खऱ्या ड्रॉवरमध्ये परत जाता कामा नये.