मुलाचा घोळणा फुटला तर नाक नेमकं कसं दाबायचं

रक्त थांबत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच घरांत नाक दाबलेलं असतं, पण चुकीच्या जागी. नाहीतर दर मिनिटाला सोडून 'थांबलं का' म्हणून पाहिलेलं असतं.

मुलांचा घोळणा बहुतेक वेळा दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाला फुटतो. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं पातळ आवरणाखाली असतं. सर्दीने खपली धरते, मूल ती बोटाने काढतं, की झालं. ही जागा नाकाच्या मऊ भागात आहे, त्यामुळे वरचं हाड दाबून काही उपयोग नाही.

मुलाला ताठ बसवून डोकं थोडं पुढे झुकवा. हाड संपतं त्याच्या खाली, दोन्ही नाकपुड्या चिमटीत घट्ट धरा. श्वास तोंडाने घेऊ द्या. घड्याळ लावून सलग 10 मिनिटं. मध्ये सोडलं की धरत आलेली गुठळी निसटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या. डोकं मागे टाकलं की ते पोटात जातं आणि थोड्या वेळाने काळपट उलटी होते, मग घरचे आणखी घाबरतात. कापूस कोंबू नका, काढताना खपलीही निघते.

थांबलं नाही तर आणखी 10 मिनिटं. तरीही चालू असेल, रक्त भळाभळा येत असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा मूल फिकं, मलूल दिसत असेल, तर नाक दाबून धरूनच दवाखाना गाठा. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र रक्त थांबलं तरी दाखवा.

पुढचे 24 तास शिंकरणं आणि धावपळ बंद. शिंक आली तर तोंड उघडून. मग आठवडाभर दिवसातून दोनदा करंगळीच्या टोकावर मावेल एवढी पेट्रोलियम जेली नाकपुडीच्या तोंडाशी लावा आणि बाहेरून हलके दाबून आत सरकवा. बड वापरू नका, त्यानेच पुन्हा जखम होते. नखं कापा.

वारंवार फुटत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ त्या जागेला सिल्व्हर नायट्रेट हे बारीक रक्तवाहिन्या जाळून बंद करणारं रसायन लावतात. सहसा एका वेळी एकच बाजू, कारण दोन्हीकडून जाळलं तर पडद्याला भोक पडू शकतं.

एकाच नाकपुडीतून दुर्गंधीचा, रक्तमिश्रित स्राव येत असेल तर आत काहीतरी अडकलंय असं धरून चाला. बटन सेल (घड्याळात, खेळण्यात असतो तो बारीक चपटा गोल सेल) असल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. तो काही तासांत पडदा जाळतो. थेंब घालू नका, चिमट्याने ओढू नका. अंगावर कारण नसताना निळे डाग उठत असतील तर रक्ततपासणी हवी. वयात येणाऱ्या मुलाचं एकाच बाजूचं नाक सतत चोंदत असेल आणि वरचेवर रक्त येत असेल, तर दुर्बिणीने तपासणी हवी: अँजिओफायब्रोमा ही रक्तवाहिन्यांची गाठ दुर्मीळ असली, तरी ती याच वयातल्या मुलग्यांत आढळते.