क्लबची कोजागिरी: या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावातल्या रोटरी क्लबात मी एकवीस वर्षं आहे आणि त्यातली बरीच वर्षं कोजागिरीच्या दुधाचं पातेलं माझ्याकडे आहे. दर १ जुलैला प्रेसिडेंट बदलतो, नवी टीम उत्साहाने कामाला लागते आणि ऑक्टोबर आला की गेल्या वर्षीच्याच चुका नव्याने होतात. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साध्या संध्याकाळचा समारंभ करणं. गच्चीवर स्टेज, बॅनर, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, मग पास्ट प्रेसिडेंटांची मनोगतं. खुर्च्या रांगेत, सगळ्यांची तोंडं माईककडे. शेजारी कोण बसलंय हेही कळत नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच झालं. बँकेत बदली होऊन आलेले एक गृहस्थ नुकतेच मेंबर झाले होते. ते आणि त्यांच्या पत्नी सर्वांत आधी, सांगितलेल्या वेळेला, साडेसातला आले. शेवटच्या रांगेत, पाण्याच्या जारजवळ बसले. भाषणं सव्वानऊपर्यंत चालली. वहिनींच्या हातात भेळेचा रिकामा द्रोण होता, तो ठेवायचा कुठे हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी पातेल्याशी उभा राहून हे बघत होतो आणि जागचा हललो नाही, याची खंत आजही आहे. दूध वाढायच्या आतच दोघं निघून गेले. मार्चमध्ये राजीनामा आला. मी घरी भेटायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुमच्याकडे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात हो."

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस आणि आणखी तिघे जण एका ऑफिसात जमले, ते मोठ्या शहरात ओळखीपाळखीची माणसं असावीत म्हणून. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचं, म्हणून नाव रोटरी. सार्वजनिक स्वच्छतागृहाचं काम त्यांनी १९०७ मध्ये हाती घेतलं. आधी मैत्री जमली, मग सेवा सुरू झाली. रक्तदान शिबिराला पहाटे सहाला टेबलं उचलायला जो येतो, तो बहुतेक वेळा गच्चीवर गप्पा मारलेला माणूस असतो. म्हणून फेलोशिपला, म्हणजे मेंबरांच्या अशा भेटीगाठींना, "नुसतं खाणंपिणं" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो आणि घालत राहीन.

मी आता काय करतो ते सांगतो. माईक भाड्याने आणूच देत नाही. तसंही, सरकारने दिलेले सवलतीचे दिवस सोडले तर रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. खुर्च्या सहा-सहाच्या गोलात मांडतो. नव्या जोडप्याला एका जुन्या जोडप्याने घरून आपल्या गाडीतून आणायचं, हे आठवडाभर आधी फोन करून ठरवतो. आणि आल्या आल्या नव्यांच्या हातात काम देतो: चारोळ्या निवडा, कप मांडा. हातात काम असलं की माणूस आपोआप बोलायला लागतो. स्टेजवर बोलावून परिचय करून देऊ नका, लाजरी माणसं त्याने आणखी आक्रसतात.

दुसरी चूक दुधाची, आणि तिचं मूळ घाई. पन्नास माणसांना दीडशे मिलीचे दीड-दीड कप धरले तर सव्वाअकरा लिटर लागतं. मी पंधरा लिटर म्हशीचं दूध घेतो आणि चौथा हिस्सा आटवतो. जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच, आणि उलथनं बुडाला लावून सतत ढवळणं. याला दोन तास तरी लागतात. एका वर्षी मी विलायची आणायला खाली उतरलो. तेवढ्यात एका तरुण मेंबराने "काका, लवकर होईल" म्हणून शेगडीची आच पूर्ण वाढवली, वर साखरही सगळी ओतून मोकळा झाला. जिना चढतानाच मला करपट वास आला. दूध बुडाला लागलं होतं. त्यातून तो घाबरून बूड खरवडायला लागला आणि काळ्या पापुद्र्यांनी अख्खं दूध वाया गेलं.

दूध लागलंच तर गॅस बंद करा, बुडाला हात न लावता वरचं दूध दुसऱ्या पातेल्यात ओता. वास थोडा असेल तर केशर-जायफळात निभावतं, जास्त असेल तर ते दूध लोकांना देऊ नका. साखर शेवटच्या दहा मिनिटांत, लिटरला ८० ते १०० ग्रॅम. सकाळचं उरलेलं दूध ताज्यात कधीच मिसळू नका, तापवताना सगळंच फुटू शकतं. तयार मसाल्याचं पाकीट मला चालत नाही. बदाम-पिस्ते आदल्या रात्री घरी कुटले तर वासच वेगळा येतो, आणि एवढा वेळ आपल्या माणसांसाठी काढता यायला हवा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

हॅलोजन लावून ठेवणं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, साडेआठपर्यंत इमारतींच्या वर येतो. जिन्याजवळचा एक दिवा पुरे.

परतीच्या पावसाला विसरणं. खालचा हॉल हाताशी ठेवा.

वाढायचं आणि आवरायचं काम बायकांवर टाकणं. १९८९ पासून रोटरीने महिलांना मेंबर केलं आहे, पातेलं घासायला पुरुषांचे हात लावा.

वर्गणीचा विषय त्याच रात्री काढणं. हिशेब दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाका.

लहान मुलांना विसरणं. त्यांच्यासाठी दूध आधीच वेगळं काढून कोमट करून ठेवा, जायफळ न घालता.

दूध बरोबर साडेनऊला वाढा, भाषण चालू असलं तरी. गेल्या वर्षी नव्याने आलेल्या एका शिक्षिकाबाईंनी पावणेदहाला स्वतःहून पळी घेतली आणि पंक्तीभर फिरून सगळ्यांना दुसरा कप आग्रहाने वाढला. प्रत्येकाला नावाने हाक मारून.