मोठ्या मुलाची किमो: घरच्यांनी काय करायचं, कुठे गप्प बसायचं

मुलगा तिशीचा. स्वतःची नोकरी, स्वतःचा संसार. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला आणि आम्हा दोघांच्या डोक्यात तो एका दुपारीत पाच वर्षांचा झाला. तो मात्र तिशीचाच होता. हे एवढं धरून ठेवलं की पुढचं बरंच सोपं जातं.

डॉक्टरांकडे जाताना त्यालाच विचारा, "मी आत येऊ का बाहेर थांबू?" आत बोलावलं तर वही घेऊन बसा आणि लिहा. प्रश्न त्याला विचारू द्या. नातेवाइकांना काय सांगायचं तेही त्यानेच ठरवायचं. फोन घ्यायला घरातलं एकच माणूस नेमा, नाहीतर सगळ्यांना रोज तीच गोष्ट सांगून जीव जातो.

पहिल्या डोसच्या आधी एक अवघड विषय असतो. किमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून शुक्राणू साठवायचे तर ते आधीच करावं लागतं. निदानाच्या गडबडीत हे राहून जातं. आईने काढायचा हा विषय नव्हे, मान्य. तरी "त्याबद्दल डॉक्टरांना विचारलंस का रे?" एवढं म्हणा आणि कपडे वाळत घालायला निघून जा.

आता ताप. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या काळात ताप हेच कधीकधी संसर्गाचं एकमेव लक्षण असतं. थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दिसलं की त्याच क्षणी हॉस्पिटलला फोन, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. त्यांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही. ताप दबतो आणि दुखणं आत वाढत राहतं. मुलगा म्हणणारच, "आई, सकाळी बघू." म्हणून तो बरा असेल त्या दिवशीच त्याच्याकडून कबूल करून घ्या: बाकी सगळं तुझ्या मनासारखं, तापाच्या बाबतीत माझं ऐकायचं. फाईल, औषधांची यादी आणि चार्जर घातलेली पिशवी दाराशी तयार ठेवा. तातडीच्या विभागात पोचल्यावर पहिलं वाक्य: "किमो चालू आहे आणि ताप आलाय." नाव-पत्ता नंतर.

त्याच्या औषधांत डॉक्सोरुबिसिन असेल तर ते लालभडक असतं आणि नंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. आधी माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. किमोनंतर ४८ तास उलटी किंवा लघवी पुसताना हातमोजे घाला. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करायला त्याला सांगा.

उलटीची गोळी उलटी व्हायची वाट न बघता, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला द्यायची. यातल्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. तो लाजेने बोलणार नाही, तुम्ही विचारा. तोंडाला धातूची चव येत असेल तर प्लॅस्टिकचा चमचा द्या. थोडंसं वाढून ठेवा आणि तिथून उठा. समोर बसून घास मोजणाऱ्या आईसमोर कुणालाही जेवण जात नाही. उलटीसाठी स्टिरॉइड दिलं असेल तर झोप उडते, तो वसकन अंगावर येतो. मनाला लावून घेऊ नका.

कुणीतरी काढा, पुड्या, चूर्ण आणून देईलच. आणणाऱ्याशी वाद घालू नका, बाटली डॉक्टरांना दाखवा. यातल्या काही गोष्टी किमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात. सर्दी झालेल्या पाहुण्याला मात्र दारातूनच परत पाठवा, राग आला तर आला.

सुनेच्या घरात आपण मदतीला असतो, कारभार पाहायला नव्हे. "आज तुझ्या डोक्यावरचं कोणतं काम मी घेऊ?" असं विचारा आणि ती सांगेल तेवढंच करा. आणि ज्याला बोलणं जमत नाही त्याला गाडीचं काम द्या. याच्या बाबांनी न्यायचं-आणायचं काम घेतलं. दोघं रस्ताभर क्रिकेटशिवाय काही बोलत नसत, आणि मुलाला तेच हवं होतं.

किमो संपली की लोक म्हणतात, झालं एकदाचं. थकवा पुढे कित्येक महिने राहतो आणि झोपूनही जात नाही. रोज थोडं चालणं उपयोगी पडतं. सोबत या म्हणाला तर जा. तपासणीच्या स्कॅनचे दिवस जवळ आले की घर पुन्हा ताणाखाली येतं. रिपोर्ट आधी त्याला वाचू द्या. तो स्वतः सांगेपर्यंत फोन करू नका.