पॅरोलचा अर्ज पत्त्याच्या चौकशीत अडकत असेल तर: माझा अनुभव

भावाचा पॅरोलचा (शिक्षा चालू असताना अटींवर तुरुंगाबाहेर राहण्याच्या परवानगीचा) अर्ज दरवेळी एकाच शेऱ्यावर अडकायचा, पत्त्याची चौकशी पूर्ण नाही. वकिलाचं पत्र, पुन्हा अर्ज, वरच्या ऑफिसला फोन, कशानेच हललं नाही, आई वाट बघून पार खचली होती.

शेवटी जमलं ते असं. आधी नामंजुरीचं कारण लेखी मागा, तोंडी सांगतात त्यावर जाऊ नका. आमच्या कागदात होतं की चौकशीला माणूस आला तेव्हा घर बंद होतं, बस एवढंच! मग घर काकांच्या नावावर म्हणून त्यांचं संमतीपत्र घेतलं की तो इथे राहील, आमची हरकत नाही, सोबत त्यांचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दिवसभर घरी असणाऱ्या काकूंचा मोबाईल नंबर. हे सगळं चौकशी करणाऱ्या ऑफिसात दिलं, शिक्क्याची पोच घेतली, भेटीची वेळ ठरवली आणि पोचेची झेरॉक्स जोडून मगच नवीन अर्ज टाकला. रिपोर्ट अनुकूल गेला, भाऊ घरी आला.

आता हजेरीचा वार नि वेळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलीय, चुकली तर परत आत जावं लागू शकतं. प्रोबेशनमध्येही (तुरुंगात न पाठवता कोर्ट अटींवर सोडतं त्यात) हजेरी असू शकते, पण तिथल्या अटी कोर्टाच्या, म्हणून त्यात बदल हवा तर अर्ज कोर्टात करायचा.