राजीनामा गुढीपाडव्याला देऊ नका

नोकरी नकोशी झाली म्हणून लगेच राजीनामा लिहायला बसू नका. महिनाभर रोज रात्री वहीत एकच ओळ लिहा: आज कशानं डोकं उठलं? निम्म्या ओळी साहेबाबद्दल किंवा रोजच्या तीस किलोमीटरच्या येण्याजाण्याबद्दल निघाल्या, तर काम तेच ठेवा, जागा बदला. कामच नको असेल तर पुढचं वाचा.

आपल्याकडे नवा धंदा हंगामानं मोजावा लागतो. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकलेलं असतं, कापूस वेचणीला आलेला असतो. तेव्हा कुणाचंही दुकान चालतं. मे-जूनमध्ये मात्र असेल नसेल तो पैसा बियाण्याला जातो. म्हणून नोकरी धरूनच सुट्टीच्या दिवशी नवं काम करून पाहा आणि त्यात एक उन्हाळा येऊ द्या.

मोटार रिवाइंडिंगच घ्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याचं काम. तीनपैकी एक फेज गेला की पंपाची मोटार नुसती गुणगुणते, उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. हरभरा-गव्हाच्या ओलितात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे काम भरपूर, पावसाळ्यात नावालाच. फवारणीचे बॅटरी पंप दुरुस्त करता आले तर जुलै ते सप्टेंबरची पोकळी भरते. सौरपंप वाढताहेत, त्यांची जोडणीही शिकून घ्या. अशा कामांसाठी बँकांच्या आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण) केंद्रात राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळतं.

कृषी केंद्राचा मोह अनेकांना होतो. बियाणे, खते, कीटकनाशके यांचे परवाने वेगवेगळे, शिक्षणाची अट वेगळी. खरं मरण उधारीत आहे. जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे कापूस विकल्यावर येतात, तोवर डीलरला तुम्हीच भरायचे.

भांडवलासाठी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही कर्ज-अनुदानाची सरकारी योजना आहे. ग्रामीण भागात 5 लाखांचा प्रकल्प असेल तर खुल्या गटाला स्वतःचे 10 टक्के म्हणजे 50,000 घालावे लागतात, अनुदान 25 टक्के म्हणजे 1,25,000. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांना अनुदान 35 टक्के, स्वतःचा वाटा 5 टक्के. पण अनुदान हातात पडत नाही. बँक ते तीन वर्षं ठेव म्हणून ठेवते आणि मग कर्जात वळतं करते. ते रोख मिळणार असं धरून हिशेब मांडला की पहिल्याच वर्षी हप्ता थकतो.

सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, त्याला धान्य आणि उचल मिळते. तुम्ही तेव्हा नोकरी सोडली तर पुढे उन्हाळा आणि पेरणीच. सोडायचं तर दिवाळीनंतर, सहा महिन्यांचा घरखर्च आणि खरिपाचा खर्च वेगवेगळा बाजूला काढून. चार वर्षं दहा महिने झाली असतील तर अजून दोन महिने कळ काढा, कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं लागतात. आणि अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच हातात घ्या. नंतर त्याच साहेबाकडे चकरा माराव्या लागतात.