ऑनलाइन परिषदेत माईकवाला पोऱ्या नसतो: या चुका टाळा

हॉलमध्ये भरणाऱ्या परिषदेत चार माणसं आपल्या नकळत आपल्या चुका सांभाळून घेत असतात. पेनड्राइव्ह घेऊन स्लाइड उघडतात का ते आधी पाहणारा, कॉलरला माईक अडकवणारा पोऱ्या, बॅजवर नाव चुकलं तर दुसरा छापून देणाऱ्या नोंदणीच्या ताई, आणि ‘सर, पुढचा नंबर तुमचा’ म्हणत चहाच्या रांगेतून ओढून नेणारा एखादा रेसिडेंट डॉक्टर. परिषद ऑनलाइन झाली की ही सगळी कामं वक्त्याच्या अंगावर येतात. ती आली आहेत हे बहुतेकांना कळतं ते ‘सर, तुमचा आवाज येत नाहीये’ ऐकू आल्यावर.

मी पॅथॉलॉजिस्ट. ऑनलाइन परिषदा चालवायचं काम मी मागून घेतलेलं नाही. २०२० मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटी या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने डेन्व्हरची दहा हजारांवर लोकांची मार्च मीटिंग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी रद्द केली. काही शास्त्रज्ञ तर तिथे पोचलेही होते. त्याच महिन्याअखेरीस शिकागोची अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीची परिषद पडद्यावरच झाली. ही लाट आमच्या जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या संघटनेपर्यंत यायला फार वेळ लागला नाही, आणि ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं’ एवढ्या पात्रतेवर झूमचं होस्टपद माझ्या गळ्यात पडलं. ते अजून उतरलेलं नाही. तेव्हापासून ज्या चुका पुन:पुन्हा पाहिल्या, आणि ज्यातल्या काही स्वत: केल्या, त्या इथे सांगतो.

घड्याळाची चूक

अमेरिकेतल्या एका परिषदेत आमच्या एका सरांचं पंधरा मिनिटांचं भाषण होतं. मार्चचा तिसरा आठवडा. निमंत्रणात लिहिलं होतं, सकाळी ९, ईएसटी, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची हिवाळी वेळ. सरांनी साडेदहा तास मिळवले, संध्याकाळी साडेसातला कोट घालून बसले. सत्र साडेसहालाच सुरू होऊन त्यांचा नंबर निघून गेला होता.

सरांचं गणित बरोबर होतं, निमंत्रण चुकीचं होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. पण तिथले लोक सवयीने बाराही महिने ईएसटीच लिहितात. युरोपची घड्याळं बदलतात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा असा असतो, की लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं नेहमीचं अंतरही बिघडलेलं असतं. आपली घड्याळं कधीच हलत नाहीत, म्हणून ही भानगड आपल्या डोक्यातच येत नाही.

यावर उपाय म्हणजे आयोजकांना मेल करून वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मागायची आणि साडेपाच तास मिळवायचे. आपल्या प्रमाणवेळेची आयएसटी ही अक्षरंही जपून वापरा. आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेला तेच म्हणतात. आणि रात्री १२ची वेळ असेल तर तारीख दोनदा वाचा. ‘१५ तारखेच्या रात्री १२’ म्हणजे कोणती रात्र, यावर मी दोन प्राध्यापकांचं भांडण पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे निबंधाचा सारांश, पाठवायच्या मुदतीपुढे ‘एनिव्हेअर ऑन अर्थ’ असं लिहिलं असेल, तर पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत मुदत असते. आपल्या वेळेत ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत जाते. अर्थात पोर्टलवर शेवटच्या तासात सगळ्या जगाची झुंबड असते, तेव्हा या सवलतीच्या भरवशावर झोपू नका.

आवाज गेला तर

चित्र अडकलं तर लोक सहन करतात, आवाज अडकला तर मोबाइल उघडतात. आवाज येत नाही म्हटल्यावर वक्ता पहिल्यांदा इंटरनेटला शिव्या देतो, आणि बहुतेक वेळा इंटरनेट निर्दोष असतं.

तपासायचं असं. आधी अ‍ॅपमध्ये म्यूट आहे का ते पाहा, मग इअरफोनच्या वायरवरचं म्यूटचं बटण. ते चुकून दाबलं गेलेलं असतं आणि पडद्यावर त्याची काही खूण दिसत नाही. त्यानंतर अ‍ॅपने माईक कोणता निवडला आहे ते बघा. बाहेरचा मॉनिटर किंवा वेबकॅम जोडला की अ‍ॅप परस्पर त्याचा माईक धरतं. हेही ठीक असेल तर विंडोजच्या किंवा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये माईकची परवानगी आहे का पाहा. मागे दुसरी एखादी मीटिंग उघडी राहिली असेल तर ती बंद करा. इतकं करूनही जमलं नाही, तर बाहेर पडून पुन्हा आत या. ‘हॅलो, हॅलो, येतोय का आवाज’ म्हणत पाच मिनिटं घालवण्यापेक्षा तीस सेकंदांची गैरहजेरी परवडते.

आवाज घुमत असेल तर एकाच खोलीत दोन यंत्रं चालू आहेत असं समजा. बहुधा तुमचाच मोबाइल: लिंक चालते का पाहायला उघडलेला आणि टेबलावर तसाच विसरलेला.

ब्लूटूथ इअरफोन ऐकायला उत्तम असतात, पण त्यांचाच माईक चालू केला की बऱ्याच जोड्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दीड-दोनशे रुपयांचा वायरवाला इअरफोन त्यापेक्षा चांगलं काम करतो. छताचा पंखा बंद करा. ओपीडीच्या खोलीत बसू नका. दारावर पाटी लावली तरी ‘डॉक्टर, फक्त एक मिनिट’ म्हणणारे येतातच.

वीज जाणं हे आपल्याकडचं खास प्रकरण. घराला इन्व्हर्टर असतो, पण राउटर ज्या प्लगला लावला आहे तो इन्व्हर्टरवर नसतो, आणि हे कळतं ते नेमकं भाषणाच्या मध्यावर. आदल्या दिवशी मेन स्विच बंद करून एकदा बघाच. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, पण त्या फोनमध्ये दोन सिम असतील तर दुसरं बंद करा. बऱ्याच फोनवर दुसऱ्या सिमवर फोन आला की पहिल्याचा डेटा थांबतो. भाषणाच्या दिवशी तो फोन येतोच.

पडद्यावर काय काय दिसतं

या चुकीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे फजिती आपली होते आणि नुकसान पेशंटचं.

एका सर्जनने पूर्ण स्क्रीन शेअर केली होती. हर्नियाची स्लाइड चालू असताना कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप उगवला: पेशंटचं पूर्ण नाव, बेड नंबर आणि पोटॅशियम ६.८. शंभरेक लोकांनी तो वाचला. रक्तातलं पोटॅशियम ६.८ म्हणजे जिवाला धोका, तेव्हा चॅटमध्ये तातडीने उपचारही सुचवले गेले, ही आपल्या व्यवसायाची गंमत. पण रेकॉर्डिंग चालू होतं. ते नाव पुसायला नंतर मला एक संध्याकाळ लागली.

पूर्ण स्क्रीन शेअर न करता फक्त स्लाइड शोची खिडकी शेअर करा. व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि मेल बंद करा, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. पॉवरपॉइंटमध्ये ‘सेट अप स्लाइड शो’मध्ये जाऊन ‘ब्राउझ्ड बाय अ‍ॅन इंडिव्हिज्युअल’ निवडलं की स्लाइड शो एका खिडकीत चालतो आणि प्रेझेंटर व्ह्यूचा घोळ संपतो. नाहीतर तुमच्या नोट्स सगळ्यांना दिसतात. ‘इथे विनोद करणे’ ही नोट मी एका ज्येष्ठांच्या पडद्यावर वाचली आहे. त्यांनी विनोद केला, पण कोणी हसलं नाही.

यापेक्षा लपून बसलेली चूक फोटोंची आहे. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या चित्राच्या कडेला पेशंटचं नाव असतं म्हणून आपण पॉवरपॉइंटमध्ये ते कातरतो. कातरलेला भाग दिसेनासा होतो, पण फाइलमधून जात नाही. फाइल आयोजकांना पाठवली, त्यांनी ती सगळ्या डेलिगेटना दिली, की कोणीही ते चित्र पुन्हा ओढून नाव वाचू शकतं. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये कातरलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय असतो, तो वापरा. किंवा आधीच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र कापून मगच स्लाइडवर घ्या. नावावर काळा चौकोन ठेवणं तर आणखी कच्चं काम, कारण चौकोन उचलून बाजूला ठेवता येतो.

चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी लावायची पद्धत अजून दिसते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ती अपुरी असल्याचं स्पष्ट म्हटलेलं आहे. घरचा माणूस हनुवटीवरूनही ओळखतो. ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय छापू नये, हे आपल्या २००२ च्या व्यावसायिक आचरणाच्या नियमांतही आहे. हॉलमध्ये स्लाइड दोन मिनिटांनी जायची, रेकॉर्डिंग राहतं. म्हणून संमतीपत्रात ‘ऑनलाइन आणि रेकॉर्ड केलेल्या सादरीकरणासाठी’ हे शब्द असू द्या, पेशंटला समजेल अशा मराठीत.

व्हिडिओचं थोडक्यात सांगतो. ऑपरेशनचा किंवा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, व्हिडिओ दाखवायचा असेल तर झूममध्ये शेअर करतानाच ‘शेअर साउंड’ आणि ‘ऑप्टिमाइझ फॉर व्हिडिओ क्लिप’ या दोन्हींवर खूण करा, नाहीतर झडपा टप्प्याटप्प्याने उघडताना दिसतील. थेट सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र दाखवण्याचा मोह मलाही होतो. काच सरकवली की सगळं धुरकट होतं आणि गुलाबी-जांभळ्याच्या छटा एक होतात. स्थिर फोटोच बरे.

नाव, हजेरी आणि पॉइंट

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ऑनलाइन सीएमईनंतर मला सर्वाधिक फोन येतात ते याच कारणाने: ‘मी पूर्ण वेळ होतो, माझं नाव यादीत नाही.’

यादीत काय असतं ते पाहा: ‘रेडमी नोट’, ‘आयफोन’, ‘गॅलेक्सी’. एक मॅडम मुलाच्या टॅबवरून आल्या होत्या आणि तीन तास ‘सहावी ब, रोल नंबर १४’ या नावाने मन लावून बसल्या. आम्हाला अहवालात दिसतं ते तेवढंच नाव, आत आल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ. तेव्हा ज्या ईमेलने नोंदणी केली त्याच ईमेलने आत या आणि नाव कौन्सिलच्या नोंदणीत आहे तसंच लिहा. तुमच्या नावाची लिंक मित्राला पाठवू नका. तो आत आला की बऱ्याचदा तुम्ही बाहेर फेकले जाता.

वक्त्यांनी आणखी एक पाहावं. वेबिनारमध्ये पॅनेलिस्टची, म्हणजे वक्त्यांची, लिंक वेगळी असते. पोस्टरवरच्या सार्वजनिक लिंकने आत आलात तर तुम्ही प्रेक्षक असता. माईकचं बटणच दिसत नाही, आणि तुम्ही चॅटमध्ये लिहिलेला ‘मला आत घ्या’ हा निरोप अभिनंदनाच्या संदेशांत वाहून जातो.

परदेशी परिषदेचे क्रेडिट इथल्या खात्यात आपोआप जमा होतील असं धरून चालू नका. पैसे भरण्याआधी कौन्सिलला विचारा आणि लेखी उत्तर ठेवा.

पैसे भरतानाची अडचण साधी असते. कार्ड नाकारलं गेलं तर बहुधा त्यावरचे परदेशी व्यवहार बंद आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर ते मुळातच बंद असतात आणि बँकेच्या अ‍ॅपवरून आपणच चालू करावे लागतात. आणि पूर्ण शुल्क भरण्याआधी सवलतींचं पान वाचा. जागतिक बँकेच्या यादीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात आहे, आणि अनेक परिषदा त्या गटाला कमी शुल्क घेतात. लोक हे पान न वाचताच तिप्पट भरतात.

कौतुकाने भरलेलं निमंत्रण

‘आपल्या अमूल्य संशोधनाने आम्ही प्रभावित झालो आहोत’ अशी मेल आली आणि तुमचा विषय बालरोग असताना परिषद नॅनोतंत्रज्ञानाची असेल, तर थांबा. सभागृहाचं भाडं द्यावं लागत नाही म्हटल्यावर बोगस परिषदांना ऑनलाइन काळ फारच मानवला. हे दुकान आपल्या शेजारचंही आहे. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन आणि परिषदांच्या उद्योगाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला, आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. नामवंतांची नावं त्यांच्या संमतीशिवाय परिषदेच्या जाहिरातीत घालणं, हाही त्या दाव्यातला एक मुद्दा होता.

म्हणून संकेतस्थळावरचे फोटो पाहून भुलू नका. समितीतल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर दोन ओळींची मेल करा: आपण या परिषदेत आहात का? मी असं तीनदा विचारलं. दोघांना आपलं नाव तिथे आहे हे माझ्याकडूनच कळलं.

भाषणाच्या आधी आणि नंतर

नवं उपकरण किंवा नवी चाचणी शोधली असेल तर भाषणाआधी पेटंटचं बघा. रेकॉर्ड होऊन सगळ्यांना खुलं झालेलं भाषण म्हणजे जाहीर प्रकटन. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सवड आहे, पण युरोपात तशी सर्वसाधारण सवड नाही. इथे उत्साहाने दिलेलं भाषण तिथला अर्ज बुडवू शकतं. संस्थेच्या पेटंट कक्षाला आधी विचारा, अर्ज दाखल करा, मग हवं तितकं बोला.

प्रश्नोत्तरांत प्रश्न चॅटमध्ये न टाकता ‘क्यू अँड ए’ मध्ये टाका. सूत्रसंचालकाचं लक्ष तिथे असतं. प्रश्न लिहिताना ‘सुंदर भाषण सर’ ही प्रस्तावना गाळा.

आणि प्रमाणपत्राची लिंक आली की त्याच रात्री उतरवून घ्या. कितीतरी परिषदांचं पोर्टल काही महिन्यांनी बंद होतं. फाइलला ‘सर्टिफिकेट १’ असं नाव देऊ नका. तारीख, परिषद आणि पॉइंट नावातच लिहा. नूतनीकरणाच्या आदल्या रात्री डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ‘सर्टिफिकेट १’ ते ‘सर्टिफिकेट २७’ उघडून बघणारा माणूस मीच होतो.