गिटार घडवताना या चुका टाळा: दुखणं दिसतं तिथे नसतं

मार्चमधल्या एका रविवारी आमच्यातल्या एकाने आपली पहिली गिटार कापडात गुंडाळून आणली. टॉपवर, म्हणजे वरच्या फळीवर, तारा अडकवायच्या ब्रिजच्या मागे, लाकडाच्या रेषेला धरून बोटभर चीर गेली होती. "कुठे आपटली का?" असं प्रत्येकाने विचारलं. आपटली नव्हती. ती भिंतीला टांगलेली असतानाच रात्री केव्हातरी तडकली होती. बोलता बोलता खरं कारण सापडलं: टॉपच्या आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसेस, त्याने जुलैमध्ये चिकटवल्या होत्या. बाहेर धो धो पाऊस आणि खिडकी उघडी.

आम्ही सहा-सात जण पुण्यात असंच शनिवार-रविवार लाकूडकाम करतो. आठवडाभर नोकरी, शनिवारी सकाळी रंधा हातात, आणि रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी अर्धवट गिटारी मांडून गप्पा. गेल्या काही वर्षांत एकमेकांच्या चुका पाहून एक गोष्ट पक्की कळली: गिटारीत चूक होते एका टप्प्यावर आणि उमटते तीन टप्प्यांनंतर. म्हणून खाली प्रत्येक तक्रारीबरोबर ती कुठे जन्मते तेही लिहिलं आहे.

पावसाळ्यात ब्रेसेस चिकटवणं

आपल्याकडची सगळ्यात महाग चूक हीच, आणि परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना ती कुणी सांगत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आटतं. उभ्या रेषांच्या स्प्रूसमधला (टॉपसाठी वापरतात त्या लाकडातला) ओलावा १ टक्क्याने घटला, तर रुंदी साधारण ०.१३ टक्क्याने कमी होते. मोठ्या गिटारीचा टॉप खालच्या बाजूला ४०० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. लाकडाचा ओलावा १० टक्क्यांनी उतरला, तर तो टॉप सुमारे ५ मिलिमीटर आटू पाहतो. पण आडव्या ब्रेसेस त्याला आटू देत नाहीत, कारण त्यांची लांबी त्या दिशेने आहे आणि लांबीत लाकूड हलत नाही. शेवटी टॉपच फाटतो.

पुण्यात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ती २५-३० पर्यंत खाली येते. मुंबईत आणि कोकणात उन्हाळाही दमट असतो, तिथे चिरा कमी पडतात. पण तिथली गिटार देशावर आली किंवा एसीच्या खोलीत राहिली की तेच होतं. गिटार बनवणारे बहुतेक लोक ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत ब्रेसिंग करतात. पुढे हवा दमट झाली तर टॉप थोडा फुगून वर येतो, कोरडी झाली तर थोडा बसतो, आणि दोन्ही त्याला सोसतं.

यावर उपाय फार खर्चिक नाही. साधं आर्द्रतामापक घ्या, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतकंच पाणी घाला, आणि ते झाकण मापकासोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ८१ दाखवत असेल तर ते ६ जास्त दाखवतं, एवढं त्यावर लिहून ठेवा. टॉप, बॅक आणि ब्रेसेसचं लाकूड एका बंद कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा आणि एक तुकडा दर शनिवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोला. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन बदललं नाही की लाकूड तयार. आम्ही तर आता वर्षच वाटून घेतलंय. जून ते सप्टेंबर नेक (गिटारीची मान) कोरणं, साचे बनवणं, हत्यारांना धार लावणं. टॉप-बॅकचं चिकटकाम दिवाळीनंतर.

हीच चूक दुसऱ्या रूपातही भेटते. उन्हाळ्यात नेकवरच्या फिंगरबोर्डच्या कडेला हात फिरवला की फ्रेटची, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचतात. फ्रेट वाढलेले नसतात, फिंगरबोर्ड आटलेला असतो. लगेच कानस घेऊन टोकं घासू नका. आधी गिटार आठवडाभर योग्य हवेत ठेवा, मगच ठरवा.

फ्रेट एकापुढे एक मोजणं

सतारीचे पडदे सरकवता येतात. सूर हलला तर वादक पडदा केसभर पुढे-मागे करतो. गिटारीचा फ्रेट एकदा ठोकला की ठोकला. म्हणून इथे मापाला क्षमा नाही.

समजा, तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली. तिला १७.८१७ ने भागलं की नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) पहिला फ्रेट ३६.३७ वर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा भागायचं, असं पुढे. पाचवा १६२.५५ वर, सातवा २१५.५१ वर, बारावा बरोबर अर्ध्यावर, ३२४ वर. चूक इथे होते: लोक पहिला फ्रेट आखतात, मग पट्टी उचलून त्याच्यापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा. प्रत्येक वेळी पाव मिलिमीटर इकडे-तिकडे झालं आणि चुका एकाच बाजूला साठत गेल्या, तर बाराव्यापर्यंत ३ मिलिमीटर जातात. सगळी मापं नटपासूनच घ्या, स्टीलची पट्टी एकदाच चिकटपट्टीने बसवून आणि ती न हलवता. सुताराच्या टेपच्या टोकाचा धातूचा हुक मुद्दाम सैल असतो, त्यामुळे ती टेप इथे वापरूच नका.

जुन्या पद्धतीत १८ ने भागत असत. सोळाव्या शतकात इटालियन संगीतकार विंचेंझो गॅलिलेईने हा नियम मांडला होता, आणि हाताने हिशोब करायला तो सोपा आहे. पण ६४८ च्या गिटारीवर त्याने बारावा फ्रेट ३२१.६ वर येतो, म्हणजे २ मिलिमीटरहून जास्त अलीकडे. आमच्यातल्या एकाने जुन्या आराखड्यावरून असा फिंगरबोर्ड कापला होता आणि महिनाभर तो तारांना दोष देत होता.

ब्रिज बरोबर मापावर बसवणं

हे विचित्र वाटेल, पण ब्रिज मापाच्या थोडा पलीकडे बसायला हवा. तार फ्रेटवर दाबली की ती ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. तो चढ भरून काढायला तारेची लांबी वाढवावी लागते. स्टीलच्या हलक्या तारांसाठी बारीक ई तारेला साधारण २ मिलिमीटर आणि जाड ई तारेला ४ ते ५. म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, तिरकी असते. ६४८ वर सरळ सॅडल बसवलीत, तर मोकळी तार सुरात आणि बारावा फ्रेट चढा, असं कायमचं दुखणं मागे लागेल. ते ब्रिज उचलल्याशिवाय जात नाही.

चिकटवण्याआधी नेकच्या दोन्ही कडांवरून दोन दोरे ब्रिजपर्यंत ताणून पाहा. दोऱ्यांपासून ब्रिजच्या दोन्ही टोकांचं अंतर सारखं नसेल, तर तारा एका बाजूला फिंगरबोर्डवरून घसरतील.

ब्रिजखालचं पॉलिशही खरवडून काढा. गोंद लाकडाला लाकूड धरतो, पॉलिशला नाही. हलक्या स्टीलच्या तारांचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनच्या तारांचा ४० किलोच्या आसपास. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकते का, हे अधूनमधून पाहा. सरकली तर तारा त्याच दिवशी सैल करा.

याच आकड्यांतून आणखी एक चूक समजते. नायलॉनच्या गिटारीला "आवाज मोठा येतो" म्हणून स्टीलच्या तारा लावणं आपल्याकडे सर्रास चालतं. पंखाच्या आकारात ब्रेसेस लावलेला हलका टॉप त्या ताणासाठी बनवलेला नसतो. काही महिन्यांत ब्रिजच्या पुढे खळगा, मागे फुगवटा, आणि मग कितीही सॅडल घासा, तारा वरच राहतात.

महागडी बाजू, दुर्लक्षित टॉप

पहिल्याच गिटारीसाठी शिसवीवर पैसे घालू नका. स्पॅनिश गिटार-कारागीर आंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये बाजू आणि पाठ कागदाच्या लगद्याची करून एक गिटार बनवली होती, फक्त टॉप नीट लाकडाचा. गिटारीचा जीव टॉपमध्ये आहे हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. मिरजेतही सतार-तंबोरा घडवणारे कारागीर तबलीच्या (वरच्या लाकडी फळीच्या) जाडीकडे किती बारकाईने पाहतात, हे एकदा त्यांच्या दुकानात बसून बघण्यासारखं आहे. बाजूंना तूनचं लाकूड घ्या. ते महोगनीच्याच कुळातलं आणि वाकायला सोपं आहे.

बाजू वाकवताना कंबरेशी तडकतात, कारण लाकूड जाड राहिलेलं असतं किंवा रेषा तिरकी धावत असते. २ मिलिमीटरच्या वर ठेवू नका, आणि तापलेल्या पाईपवर लाकूड "सुटल्याचं" हाताला जाणवेपर्यंत जोर लावू नका. त्याआधी रेटलंत तर तुकडाच हातात येईल.

सागवान किंवा शिसवी चिकटवताना त्यांचा तेलकटपणा आड येतो. पृष्ठभाग ताजा घासा, ॲसिटोनने पुसा आणि लगेच जोडा. फर्निचरचा साधा पांढरा गोंद सतत ताणाखाली आणि उष्णतेत हळूहळू सरकतो. नेक आणि ब्रिजला तो नको. जुन्या लोकांचा गरम सरस आजही उत्तम आहे, वितळवून ६० अंशांच्या आसपास ठेवायचा आणि तापलेल्या सांध्यावर चटकन लावायचा. आणि शिसवीचा भुसा काहींना त्वचेवर व श्वासात चांगलाच भोवतो. मास्क लावल्याशिवाय ती घासू नका.

नेकचा कोन अंदाजाने लावणं

नेक चिकटवण्याआधी फ्रेटवर लांब सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजकडे न्या. तिची कड ब्रिजच्या माथ्याला चाटून जायला हवी. ती माथ्याच्या खाली टॉपकडे गेली तर तारा उंच राहतील, फार वर राहिली तर सॅडल गरजेपेक्षा उंच करावी लागेल. बाराव्या फ्रेटवर तार १ मिलिमीटरने खाली आणायची तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते. सॅडल मुळात ३ मिलिमीटर बाहेर असेल, तर फार घासायला जागाच उरत नाही. इथे एक शनिवार जास्त घालवलेला परवडतो.

तार झणझणते: आधी ऐका, मग हात लावा

रविवारच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ यावर जातो. तंबोऱ्यात जवारी हवीच, तिथे रुंद घोडीवर तार चाटत राहते आणि त्यातून तो झंकार येतो. गिटारीत तीच गोष्ट घडली तर दोष असतो. मोकळी तार सतारीसारखी वाजत असेल, तर बहुतेक वेळा नटमधली खाच सपाट आहे किंवा मागे उंच आहे. तार नटच्या पुढच्याच कडेवर टेकली पाहिजे आणि तिथून मागे उतरत गेली पाहिजे. खाच फार खोल गेली असेल तर हाडाची भुकटी आणि पातळ सुपरग्लू भरून ती तात्पुरती चालेल, पण नवा नट करायचा हे मनाशी ठरवा.

झणझण पहिल्या चार-पाच फ्रेटवरच असेल आणि वर नसेल, तर नेक जास्त सरळ किंवा उलटा वाकलेला आहे. ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पाव फेरा सैल करा, तार पुन्हा सुरात आणा, दुसऱ्या दिवशी पाहा. पहिला फ्रेट आणि नेक-बॉडीच्या सांध्यावरचा फ्रेट एकाच वेळी दाबला, की सातव्या-आठव्याशी तारेखाली ०.२ मिलिमीटरची फट राहावी. बाराव्याच्या वरच झणझणत असेल तर ट्रस रॉडचा संबंध नाही. तिथे सांध्याशी फिंगरबोर्डचा उंचवटा किंवा बुटकी सॅडल शोधा. एकाच फ्रेटवर असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. तीन फ्रेटवर बसेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवा. ती मधल्यावर डुलली की चोर सापडला. आणि एखादाच स्वर सगळीकडे खडखडत असेल, तर बोटाच्या पेराने टॉप-बॅक ठोकत जा. सुटलेली ब्रेस पोकळ बोलते.

या सगळ्यात सर्वात मोठी चूक म्हणजे एकाच संध्याकाळी नट, सॅडल आणि ट्रस रॉड तिन्हींना हात लावणं. मग कशाने काय सुधारलं ते कधीच कळत नाही. आमच्याकडे एक वही आहे, तीत तारीख, आर्द्रता आणि काय फिरवलं ते लिहितो.

पॉलिशची घाई

पावसाळ्यात लाखेचं पॉलिश दुधाळ होतं, कारण स्पिरिट उडताना गारवा होतो आणि ओलावा आत अडकतो. थांबा. पॉलिशच्याही आधी गिटारीला तारा चढवून पंधरा दिवस कोरी वाजवा. कोन, सॅडल, खडखड, जे काही दुरुस्त करायचं ते कोऱ्या लाकडावर ओरखडे सोडून निस्तरता येतं.

त्या मार्चमधल्या चिरेचं काय केलं, तेही सांगते. गिटार ओल्या स्पंजच्या डबीसकट पेटीत बंद ठेवली. पाच-सहा दिवसांत चीर आपोआप मिटली. मग बोटाने दाबत गोंद आत मुरवला, आणि आतून स्प्रूसच्या पातळ चकत्या रेषेला आडव्या लावल्या, टॉपच्या गोल भोकातून आरशात बघत, एकेक करून. त्याने आता दुसरा टॉप कपाटात ठेवलाय. काल वजन केलं तेव्हा १८२ ग्रॅम होतं, आधीच्या शनिवारी १८४. अजून थांबायचं आहे.